सटवाजीची जट

मारोती संग्रहालयात नोकरीला लागला तेव्हा त्याला वाटलं होतं, चला, बसून खायची सोय झाली. नांदेडच्या त्या जुन्या कॉलेजात मानवशास्त्र विभागाच्या मागं दोन खोल्या, खोल्यांत सात कपाटं आणि कपाटांत गावोगावून गोळा केलेलं सामान. घोंगड्या, डफ, चाळ, गोंदणाच्या सुया, आणि एका कपाटात माणसांच्या कवट्या. ह्या मंडळींना ना भूक ना तक्रार. पण निर्जीव वस्तूंची उठबस जित्या पाहुण्यांपेक्षा अवघड असते, हे त्याला हळूहळू कळत गेलं. पावसाळ्यात बुरशी, उन्हाळ्यात चामडं तडकतं, कापडाला कसर लागते, लाकडाला वाळवी. सगळ्याला मारोती एकटा. आता एकतीस वर्षं झाली होती, निवृत्तीला दोन उरली होती, गुडघे कुरकुरत होते आणि माणूस पार विटून गेला होता.

विटायला आणखी एक कारण होतं. ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

चौथ्या कपाटाच्या खालच्या खणात दाखल क्रमांक दोनशे चौदा होता. नोंद अशी: ‘पोतराजाची जट, लांबी साडेतीन फूट. देणार सटवाजी नामाजी, अर्धापूरजवळ.’ सोबत एक फोटो. कमरेला चिंध्यांचा घागरा, हातात आसूड, उघडी छाती. हा सटवाजी म्हणजे मारोतीच्या बापाचा बाप. मारोतीच्या घरात लहानपणापासून एक गोष्ट सांगितली जायची. बौद्ध झाल्यावर आज्यानं मरीआईच्या नावानं वाढवलेली जट स्वतःच्या हातानं विळ्यानं कापली, दारोदार आसूड मारून घेणं त्याच दिवशी संपवलं, आणि जट आसना नदीत गेली. आणि नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कपाट पुसताना ती जट त्याच्यासमोर आली. त्यानं खण लावून टाकला.

तेव्हाच का बोलला नाही? नोकरी नवी, तीही हंगामी. आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेणार? पुढं कायम झाला, तोवर गप्प राहायची सवय झाली होती. सवयीसारखं वाईट काही नसतं. जट मात्र त्यानं जिवापाड जपली. जुन्या माणसांनी शिकवल्याप्रमाणं दर दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्यावर कीड मारायची पावडर भुरभुरायची, इतर वस्तूंना एक चिमूट तर हिला दोन. एका केसाला कीड लागू दिली नाही.

चार वर्षांपूर्वी डॉ. उमादेवी विभागप्रमुख होऊन आल्या. मूळच्या उदगीरच्या, लिंगायत व्यापाऱ्याची लेक. आल्या त्या आठवड्यातच त्यांनी कवट्या काचेतून काढून पांढऱ्या कापडात गुंडाळून आत ठेवायला लावल्या. "ही कुणाची तरी माणसं आहेत, मामा," त्या म्हणाल्या. "आपण मालक नाही, नुसते राखणदार. ज्यांचं आहे त्यांना विचारल्याशिवाय काही मांडायचं नाही." कॉलेजात मारोतीला सगळेच मामा म्हणत. त्याला बाई मनापासून आवडल्या, पण त्यांच्या उत्साहानं तो दमून जाई. प्रत्येक वस्तूचं नवं कार्ड आलं. कुणाची, कशी मिळाली, देणाऱ्याला खरंच द्यायची होती का? हा शेवटचा रकाना वाचला की मारोतीला पाणी प्यावंसं वाटायचं.

व्हायचं ते झालंच. डिसेंबरात मॅडम कार्ड घेऊन आल्या. "दोनशे चौदाचे वारस शोधू या, मामा. जट सन्मानानं परत करू. सभागृहात कार्यक्रम, शाल, पेपरात बातमी. तुमचं गाव अर्धापूरकडंच ना? मग तुम्हीच शोधा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मारोती तीन शनिवार एसटीनं गावी गेला, आईच्या हातची भाकर खाऊन परत आला आणि तीनही सोमवारी एकच बोलला, "न्हाई सापडलं कुणी, मॅडम."

चौथ्या सोमवारी मॅडम म्हणाल्या, "मग सटवाजींचा फोटोच पेपरात देऊ. मोठा. कुणीतरी ओळखेल."

मारोतीची मुलगी लुंबिनी अहमदपूरला शाळेत शिक्षिका होती. शिक्षकांच्या खोलीत तो पेपर पसरलेला त्याला आत्ताच दिसू लागला. आज्यानं जे एका दिवसात अंगावरून उतरवलं, ते सगळ्या खानदानाच्या अंगावर पुन्हा चढणार होतं. आणि तेही सन्मानानं!

शनिवारी तो आईसमोर बसला. धुरपताबाई चौऱ्याऐंशीची. आज्यानं जट कापली त्याच साली ती नवी नवरी म्हणून ह्या घरात आली होती. अंगणात तूर पाखडत होती.

"माय, आज्याची जट नदीत गेलीच न्हाई. माझ्या हापिसात हाय."

सूप थांबलं. "कोन म्हनतंय?"

"मीच म्हनतो. एकतीस वरसं झाली, बघून राहिलो."

म्हातारीनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आधी फोटू काढून नेलेला तो तुमच्या कालिजाचा जीपवाला सर पुन्हा आलता. म्हनला, पुलावरूनच चाललो, देता का, नदीत सोडतो. सासऱ्यानं इस्वासानं दिली. मी दारातच उभी होते."

"घरी आनू का?"

"आनू नको!" ती कडाडली. "त्यानं टाकलं ते टाकलं. ते घरात यायचं न्हाई. पाण्यात गेलं पायजे, बास."

सोमवारी मारोतीनं मॅडमना सगळं सांगून टाकलं. उभ्यानंच. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "एकतीस वर्षं, मामा?"

"हाव. कार्यक्रम नको, शाल नको, फोटो तर नकोच नको. आज्याला ती नदीत सोडायची होती. तेवढं होऊ द्या."

बाईंना लाज वाटली आणि त्यांनी ती लपवली नाही. पुढचे दोन महिने त्या कागदांच्या मागं लागल्या. कारण जट कॉलेजच्या जडवस्तू नोंदवहीत होती, वर एक टेबलफॅन, खाली बारा खुर्च्या. तिथून नाव कमी करायचं म्हणजे निर्लेखनाचा अर्ज. अर्जात कारणं तीनच: मोडलेली, गंजलेली, कालबाह्य. मॅडमनी तिन्ही खोडली आणि हातानं लिहिलं, ‘मूळ धन्याची इच्छा.’ समितीनं कुरकुरत का होईना, सही केली.

बाहेर जाणाऱ्या वस्तूची आधी तपासणी करायची, हा मॅडमचाच नियम. अहवाल आला तेव्हा त्यांनी मारोतीला खुर्ची दिली.

"मामा, पावडर कधीपासून मारता?"

"लागलो तवापासून. दर दिवाळीला."

"जटेत विष मुरलंय. पाण्यात सोडता येणार नाही, खाली जनावरं पाणी पितात. जाळायचं तर धूरही विषारी."

आज्यानं स्वतःच्या हातानं कापून टाकलेलं जोखड नातवानं एकतीस वर्षं विष घालघालून टिकवलं होतं. कीड लागू दिली असती तर केव्हाच माती झाली असती. मारोतीला रडू आलं नाही. इतका दमला होता की तेवढंही जमलं नाही.

मग जे हातात होतं ते केलं. विभागामागच्या पडीक जागेत खोल खड्डा, जट घट्ट झाकणाच्या पिंपात, वर चुना. मॅडमनी हात जोडले. मारोतीला मोठ्यानं काही म्हणवेना. त्यानं मनातल्या मनात त्रिशरण म्हटलं आणि माती लोटली. चुकूनही कुणी ती जागा उकरू नये म्हणून मॅडमनी तिचं माप घेऊन नकाशावर खूण केली.

त्या शनिवारी एसटीतून उतरून तो घरी पोचला. म्हातारी दारातच बसली होती.

"गेली का पाण्यात?"

हाव म्हटलं असतं तर संपलं होतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण हेच खोटं तिनं एकदा ऐकून सत्तर वर्षं खरं मानलं होतं. तेच पुन्हा सांगायची त्याची छाती झाली नाही. त्यानं सगळं सांगितलं. पावडर, विष, पिंप, खड्डा.

धुरपताबाईनं नीट ऐकून घेतलं. "जमीन कुनाची?"

"कालिजाची."

"आन खड्डा कुठं हाय ते ध्यानात ऱ्हाईल?"

"लिहून ठिवलंय. नकाशावर."

"म्हंजे परत राखलीच की रे तुमी," म्हातारी म्हणाली.

मारोतीनं चपला काढल्या आणि हातपाय धुवायला मोरीकडं गेला.