पेन्सिलीने लिहिलेले बारा कागद

पेन्सिलला टोक काढताना लाकडाचा वास आला की मला नाहूरची ती दुपार आठवते. तेव्हा मी अंधेरीतल्या एका भाषांतराच्या कंपनीत भाषांतरकार शोधून द्यायचं काम करायचे. आमचे साहेब गिऱ्हाइकाला आधी हो म्हणायचे आणि मग आम्हाला माणूस शोधायला लावायचे. तसाच त्यांनी एका बँकेचा अहवाल पोर्तुगीजमधून थेट जपानीत करून द्यायचा कबूल केला. दोन आठवडे फोन करून माझी वाट लागली, तेव्हा कुठे नाहूरचे एक आजोबा सापडले. ऐन उमेदीत ते ब्राझीलमध्ये एका जपानी बँकेत होते. ते हातानेच लिहायचे, म्हणून कागद आणायला मीच त्यांच्या घरी गेले. टेबलावर पेन्सिलीची सालपटं पडली होती आणि शेजारी सुबक जपानी अक्षरांनी भरलेले बारा कागद होते. मला दोन्ही भाषा येत नाहीत, आकडे तेवढे कळतात. ते मूळ अहवालाशी ताडून बघताना लक्षात आलं, की बाराही कागदांवर तेच आकडे आहेत. आजोबांनी पहिलंच पान बारा वेळा केलं होतं आणि आता तेराव्यांदा तेच लिहीत होते. "बरं झालंय ना गं?" आजींनी जवळ येऊन हळूच विचारलं. "तुझा फोन आल्यापासून किती शांत आहेत बघ. रोज अंघोळ करून कामाला बसतात." मी म्हटलं, "झकास झालंय, आजी." साहेबांनी शेवटी ते काम गिऱ्हाइकाला परत पाठवलं. माझ्या यादीत आजोबांच्या नावापुढे मात्र आजही 'उपलब्ध' असंच लिहिलेलं आहे.