भित्र्यांना पुढं बसवणारी आजी

आमच्या चाळीत सगळ्यांत भित्रं माणूस कोण, असं विचारलंत तर शेंबडं पोरसुद्धा सांगायचं, कोपऱ्यातल्या खोलीतली आजी. झुरळ दिसलं की ती खाटेवर चढून बसायची. इंजेक्शन म्हटलं की चेहरा पांढराफटक. हायवे ओलांडताना माझं मनगट असं आवळायची की बांगड्या रुतायच्या. आणि ही बाई म्हणे स्वातंत्र्यसैनिक! भिंतीवर सरकारचं मानपत्र, पंधरा ऑगस्टला शाळेतली पोरं पाया पडायला दारात, आणि आजी दाराआडून विचारतेय, "तो कुत्रो गेलो काय गो?"

लाज मात्र कणभर नव्हती. "माका भंय वाटता" हे आपण 'चहा टाकू का' म्हणतो तितक्या सहज म्हणायची. घाबरली की मालवणी आणि हुकूम सोडायचा असला की शुद्ध शाळेतली मराठी, हे आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. मी स्वतः जन्माची घाबरट. लग्न होऊन गोरेगावच्या त्या टेकडीवर आले आणि आरेच्या जंगलाच्या बाजूने बिबट्या उतरतो हे ऐकलं, तेव्हा माहेरी पळायच्याच बेतात होते. आजीने शेजारी बसवलं आणि म्हणाली, "बरं झालं आलीस. इतकी वर्षं मी एकटीच घाबरत होते."

एकदा मी विचारलंच, "आजी, एवढी भित्री तू, चले जावमध्ये गेलीस कशी?"

"बाईंनी नेलं," ती म्हणाली. बाई म्हणजे तिच्या गावच्या शाळेतल्या मास्तरीण. मोर्चाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्यांना विचारलं होतं, भीती कोणाला वाटते? एकट्या आजीचा हात वर. बाकीचे फिदीफिदी हसले. बाई म्हणाल्या, तू पहिल्या ओळीत. त्याचं कारण आजीच सांगायची: "शूर माणूस मार बसला की उलटून हात उचलतो. आमच्यासारख्यांच्या अंगात उठायचंही त्राण नसतं, म्हणून आम्ही बसून राहतो. बाईंनी माझी भीती काढून घेतली नाही गं. तिला कामाला लावलं."

मग शूर माणसांचं काय करायचं? त्यांना बाई पाण्याच्या भरलेल्या कळश्या द्यायच्या, एकेका हातात एकेक. दिवसभर बसलेल्यांना पाणी पाजत फिरायचं. हात रिकामा राहिला की उठतो, असं त्यांचं म्हणणं. आजीचा थोरला भाऊ गावात सगळ्यांत धाडसी. एका मोर्चाला तो म्हणाला, मी काय पाणक्या आहे? आणि कळशी न घेता उभा राहिला. त्याने एक दगड मारला. एकच. मग लाठ्या पडल्या त्या खाली बसलेल्यांवर. शेजारचा एक जण त्यात गेला. "भाऊ जगला," आजी म्हणायची, "पण त्या शेजाऱ्याच्या घरासमोरून पुन्हा कधी चालला नाही. वाट वाकडी करून जायचा."

दहा-बारा वर्षांपूर्वी आमची चाळ पाडायची ठरली. बिल्डरने कागद रंगवून आणले होते, पर्यायी घराचा पत्ता नाही. कोर्टाची तारीख सोमवारी होती आणि पाडायला येणार शुक्रवारी, म्हणजे सोमवारी न्यायाधीशांना दाखवायला नुसता मातीचा ढीग. कसंही करून चाळ सोमवारपर्यंत उभी ठेवायची होती. वकिलाने बजावलं होतं, कोणी हात उचलला तर पुरुष सगळे आत जातील, आणि मागे चाळ जाईल. हे ऐकलं आणि मी आधी आमच्याच दाराकडे बघितलं. कारण चाळीत एकच हात असा होता की जो उचलल्याशिवाय राहिला नसता. तो माझ्या नवऱ्याचा.

संदीप वाईट माणूस नाही. पण डोकं म्हणजे जळती काडी. रिक्षावाल्याशी, दूधवाल्याशी, माझ्या सख्ख्या भावाशी, सगळ्यांशी त्याचं वाजलेलं. आजीने नळाच्या मोकळ्या जागेत आमची तालीम घेतली. अर्धे पोलीस, अर्धे बसलेले. मंदाकाकूने पोलीस होऊन लाटण्याने जुने सगळे हिशेब चुकते केले, हसून हसून मुरकुंडी वळली. पण संदीपला लुटूपुटूचा धक्का बसला आणि त्याने आपल्याच चुलतभावाची कॉलर धरली. हसू तिथेच थांबलं.

"संदीप, तू उद्या कळश्या घ्यायच्यास," आजी शुद्ध मराठीत म्हणाली.

"आजी, काय यार! बायका पुढे बसणार आणि मी पाणी वाटू?"

"हो. दोन्ही हातांत. आणि ही तुझी बायको माझ्या शेजारी, पहिल्या ओळीत."

शुक्रवारी सकाळीच ते आले. जेसीबी, पोलिसांची गाडी आणि काळ्या टीशर्टातले बिल्डरचे बाउन्सर. आम्ही गल्लीच्या तोंडाशी बसलो होतो. माझे दात अक्षरशः वाजत होते. आजीचा हात माझ्या हातात, थंडगार. "माका भंय वाटता गो," ती पुटपुटली. मी म्हटलं, मलापण. जेसीबीचं इंजिन चालू झालं तशी खालची जमीन थरथरायला लागली, आणि मला वाटलं आता माझी शुद्ध जाणार. पण खरं सांगू? मी जेसीबीकडे बघतच नव्हते. मान वळवून मागे दोन्ही हातांत कळश्या धरलेल्या संदीपकडे बघत होते.

पोलीस बाजूला उभे होते. बाउन्सर एकेकीला दंडाला धरून उठवायला लागले. त्यातला एक, मिसरूड फुटलेला पोरगा, आजीपाशी आला. नव्वदीला टेकलेली बाई, उचलली तर ओझं कसलं? पण त्याने ओढलं, तिने माझा हात सोडला नाही, आणि त्याने चिडून ढकलून दिलं. आजी दगडी पायरीवर कमरेवर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. अजून ऐकू येतो.

त्याच्या मागोमाग दुसरा आवाज आला, कळशी आपटल्याचा. वळून बघते तो संदीप धावत येतोय, दोन्ही हात मोकळे, चेहरा ओळखू येईना असा. संपलं, मी मनात म्हटलं. वाट लागली.

"संदीप," आजी पडल्या जागेवरून म्हणाली, "पाणी हाड रे बाबा."

पाणी आण, एवढंच. तो पोरापासून हातभर अंतरावर थांबला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. "माका तान लागली हा," ती पुन्हा म्हणाली. मालवणीत. तेव्हा मला कळलं की तिला भीती वाटतेय, आणि ती त्या पोराची नाही, संदीपची आहे. तो मागे फिरला. उभी राहिलेली दुसरी कळशी उचलून घेऊन आला, खाली बसला आणि तिला पाणी पाजायला लागला. त्याचे हात इतके कापत होते की अर्धं पाणी तिच्या पदरावर सांडलं. पोलिसांचा साहेब हे सगळं बघत होता. त्याने जेसीबी बंद करायला लावला.

सोमवारी स्थगिती मिळाली. चाळ आजही उभी आहे. आजी मात्र हॉस्पिटलातून परत आली ती तिरडीवर ठेवायलाच. कमरेचं हाड त्या वयात जुळत नाही, डॉक्टर म्हणाले.

तिरडी उचलली तेव्हा संदीप पुढच्या बाजूला होता. गल्लीच्या तोंडाशी, पानाच्या टपरीआड, तो पोरगा उभा होता. काळा टीशर्ट नव्हता, पण मी लगेच ओळखला. संदीपनेही ओळखला. त्याचे पाय थांबले, तशी सगळी तिरडी थांबली. आता पाणी कोण मागणार होतं?

"काय बघत उभा आहेस?" संदीप म्हणाला. आवाज घोगरा होता. "ये. खांदा दे."

पोरगा जागचा हलेना. मग रडतच पुढे आला. संदीपने आपली जागा त्याला दिली आणि त्याच्या शेजारून चालायला लागला. मी दारात उभी राहून, ते वळणाआड जाईपर्यंत, संदीपच्या हातांकडेच बघत होते.