बायकोचा धा

तबल्याचा क्लास मी लावला होता. बायकोनं नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि मनात म्हटलं, आता आपल्या आवडीचं करायचं. उस्मानपुऱ्यातल्या एका मास्तरांकडं जायला लागलो. बायको स्कूटरवर मागं बसून यायची, ती भाजी घ्यायला. एकदा मास्तर तिला म्हणाले, ताई, बाहेर कशाला ताटकळता, आत येऊन बसा. ती बसली, बसता बसता शिकायलाही लागली, आणि तिथंच माझी साडेसाती सुरू झाली.

दिवाळीपर्यंत तिचा केरवा ताल सुरू झाला होता आणि मी अजून 'धा'वर अडकलेलो. धा म्हणजे उजवा हात तबल्यावर अन् डावा डग्ग्यावर, दोन्ही एकदम. माझे हात एकदम पडायचेच नाहीत. आधी एक, मग दुसरा, जणू एकाला दुसऱ्याचा भरवसाच नाही. तिच्या हाताखालून मात्र गोल, भरलेला धा निघायचा. मास्तर डोळे मिटून 'वा' म्हणायचे आणि माझा जळफळाट व्हायचा. लई वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू! पाचोडसारख्या खेड्यातली पोर, आयुष्यात कधी वाद्याला हात लावला नाही, आणि आता ही मला मागं टाकणार?

गुरुपौर्णिमेला क्लासचा कार्यक्रम असतो. भजनाला साथ करायला मास्तर एकाच विद्यार्थ्याला बसवतात. ती जागा मला हवी होती. ऑफिसातल्या जुन्या मित्रांना मी आधीच आमंत्रणंसुद्धा देऊन बसलो होतो.

माझा पुतण्या मेंदूचा डॉक्टर आहे. तो जेवायला आला तेव्हा मी त्याला हळूच बाजूला घेतलं आणि हे असं का होतं ते विचारलं. त्यानं मोबाइलवर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. म्हणाला, उजव्या हाताचा कारभार मुख्यतः मेंदूच्या डाव्या अर्ध्याकडं, डाव्या हाताचा उजव्याकडं. मधे पांढऱ्या तंतूंचा जाड जुडगा असतो, या अर्ध्याचे निरोप त्या अर्ध्याला त्यातून जातात. ज्यांच्यात ते तंतू नीट, एका दिशेनं लागलेले असतात, त्यांचे दोन्ही हात बऱ्याचदा जास्त जुळून चालतात, असं अभ्यासांत दिसतं.

हे ऐकून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे तिची काही कर्तबगारी नव्हतीच, जन्मानंच मिळालेला माल होता. मी तसं बोलूनही दाखवलं. पुतण्या हसला. म्हणाला, एवढं सरळ नसतं काका, सरावानंही त्या तंतूंत फरक पडतो असं वाटतं. तुम्ही सराव कसा करता?

मी अभिमानानं सांगितलं. सकाळी फक्त उजवा, संध्याकाळी फक्त डावा. एकेक हात पक्का करायचा आणि शेवटी जोडायचे. कालव्याची कामं आम्ही अशीच केली, दोन्ही टोकांकडून खोदत यायचं अन् मधे गाठ घालायची.

तो भाकरीचा तुकडा मोडून स्वयंपाकघराकडं बघत राहिला. आत बायको भाकरी थापत होती. एक हात थापत होता, दुसरा त्याच वेळी भाकरी गोल फिरवत होता. लहानपणापासून तिचे हात असेच जोडीनं चाललेले. मला ते दिसलं आणि मी पाणी प्यायलो.

निवडीच्या दिवशी मास्तरांनी मला उजवा एकटा वाजवायला सांगितला. छान झाला. डावा एकटा, तोही छान. मग म्हणाले, आता धा. पुन्हा आपले दोन आवाज, एकामागून एक. मास्तर मऊ आवाजात म्हणाले, "साहेब, धा जोडून होत नाही, तो एकच असतो." जागा तिला मिळाली.

गुरुपौर्णिमेला मी मुद्दाम मागच्या रांगेत बसलो. ती चुकावी म्हणून सबंध भजनभर वाट पाहिली. ती चुकली नाही. शेवटी सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा मी खिशात रुमाल शोधत होतो.

बाहेर चपला घालताना ऑफिसातले जुने मित्र जमले. आमचे जुने साहेब माझा खांदा थोपटून म्हणाले, "वहिनींना तुम्हीच तयार केलं वाटतं?"

माझ्या जिभेवर 'हो' आलंच होतं. तेवढ्यात ती पदर सावरत मागून आली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "व्हय, यांनीच. क्लास यांनीच लावला, मी नुसती मागं बसून आले."

साहेबांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. इतके महिने जे हवं होतं ते चारचौघांत मला मिळालं, आणि तेही तिनं दिलेलं. एवढं करून ती शांतपणे चप्पल शोधायला लागली. अख्ख्या वर्षात मी तिच्यावर इतका कधी जळलो नव्हतो.