खिचडी ओट्यावर राहिली ती एकादशी

देव आहे की नाही, अशी शंका मला कधी आली नाही. तो माझ्या सासूबाईंचं ऐकतो आणि माझं ऐकत नाही, एवढीच माझी तक्रार होती. त्या एकादशीला तर खात्रीच पटत चालली होती.

सासूबाई व्हिजिट व्हिसावर रियाधला आल्या होत्या. आईला जगाचं टोक दाखवायचं, असं नवऱ्याने ठरवलं. शहराबाहेर डोंगराचा कडा एकदम तुटतो आणि खाली नुसतं वाळवंट पसरतं, त्या जागेला इथे तसंच म्हणतात. वाट कच्ची आहे, सोबत दुसरी गाडी घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. पण आमच्याकडे दुसऱ्याचं ऐकायची पद्धत नाही. कडा राहिला लांब, वाटेतल्या कोरड्या ओढ्यातच गाडी वाळूत रुतली. नवरा जोर लावत राहिला आणि चाकं आणखी खाली जात राहिली. मोबाइलला रेंज नव्हती.

त्यात कळलं, की साबुदाण्याची खिचडी शहरात, अल मलाझ भागातल्या आमच्या घरी ओट्यावरच राहिली आहे. आमच्या अंड्याच्या सँडविचना शिवू नये म्हणून सासूबाईंनीच ती वेगळ्या पिशवीत ठेवली होती, आणि नेमकी तीच पिशवी विसरली. मधुमेहाची गोळी मात्र त्यांनी सकाळी न चुकता घेतली होती. दुपार झाली तसा त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले. मी ज्यूस पुढे केला.

"अंड्याच्या पिशवीतला ना तो? नको. पाणी दे."

"आई, चक्कर येऊन पडाल. देव काही म्हणणार नाही."

"तो नाही गं म्हणणार. माझ्याच घशाखाली उतरणार नाही."

मला राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. गाडीमागे जाऊन मी विठ्ठलाला मनातल्या मनात सुनावलं. उपास तुझा, माणूस तुझं, आता ही गाडी तूच काढ. अशी प्रार्थना कुणी करू नये, पण मला तेव्हा तेवढीच जमली.

थोड्या वेळाने चाऱ्याचे गठ्ठे लादलेली एक पिकअप आली. पांढऱ्या दाढीचे एक अरब गृहस्थ उतरले. नवरा धावत जाऊन चाक दाखवायला लागला. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सासूबाईंकडे पाहिलं, बाभळीच्या सावलीत चटई अंथरली आणि थर्मास काढला.

"अव्वल गहवा, बादेन सय्यारा," ते म्हणाले. आधी कॉफी, मग गाडी.

मी कपाळाला हात लावला. इथे माणूस पडायच्या बेतात आणि यांना पाहुणचार सुचतोय. पण भेटलेल्याला खाऊ घातल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, ही त्यांची रीत. रीतीपुढे माझं घरी चालत नाही, तर तिथे काय चालणार?

त्यांनी डबा उघडला आणि वडीलधाऱ्या म्हणून पहिल्यांदा सासूबाईंपुढे धरला. आत खजूर होते.

"खजूर चालतो उपासाला," सासूबाई हळूच म्हणाल्या. हात जोडले आणि एक तोंडात टाकला. मग दुसरा, मग आणखी एक. हळूहळू त्यांच्या हातांची थरथर थांबली आणि मला एकदम रडू आलं.

मग त्या गृहस्थांनी दोर बांधून गाडी ओढून काढली, "यल्ला", चला, म्हणाले आणि निघूनही गेले. मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नाही.

मी विठ्ठलाकडे आधी गाडी काढून मागितली होती. ती आधी निघाली असती, तर आम्ही तसेच सुसाट सुटलो असतो, आणि शहर येईपर्यंत आईंचं काय झालं असतं, हा विचार अजून अंगावर काटा आणतो. गाऱ्हाणी मी आजही घालते, स्वभाव कुठे जातो? फक्त आधी काय आणि मग काय, हे आता त्याला सांगत नाही.