तिथून हात काढ

शीळफाट्याला रिक्षा अडकली होती. मांडीवर दादाची फाईल होती. नवी मुंबईतले नवे डॉक्टर नुसतं "बघू या" म्हणाले होते आणि तेवढ्यावर मी पुढची सगळी जुळवाजुळव करत होते... तेवढ्यात डोंबिवलीहून त्याच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. दादा गेला होता. तरी मी रिक्षावाल्याला लवकर घ्या, लवकर घ्या म्हणत राहिले.

दादा माझा मोठा भाऊ. केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी केली, लग्नाच्या भानगडीत पडला नाही. रिटायर झाल्यावर त्याला 'गो' या चीन-जपानकडच्या खेळाचं वेड लागलं. डोंबिवलीत जोडीदार कोण मिळणार? मग दर रविवारी ठाण्याहून माझी वरात. जुन्या कॅरम बोर्डाच्या पाठीवर त्याने रेघा आखल्या होत्या आणि सोंगट्या म्हणून शर्टाची बटणं, काळी माझी, पांढरी त्याची. रेघा छेदतात तिथे बटण ठेवायचं. एकदा ठेवलं की हलवायचं नाही, आणि शत्रूने पुरतं वेढलं की ते उचललं जातं. एवढं मला पटकन आलं. माझं घोडं अडायचं ते डावाच्या मध्यावर. कोपरे वाटून झालेले, मधे मोकळं रान, आणि माझी दोन-चार बटणं कुठेतरी कोंडलेली. मी त्यांनाच वाचवत बसायचे. एक लाव, अजून एक लाव... शेवटी अख्खी रांग जायची. दादा चहात बिस्किट बुडवत म्हणायचा, "सुमे, मेलीत ती. तिथून हात काढ. मोठी जागा कुठे आहे ते बघ." मला ते शेवटपर्यंत जमलं नाही.

मग त्याच्या पोटातलं दुखणं निघालं. ठाणे, कल्याण, मुंबई, कोणी नाव सुचवेल तिथे मी त्याला नेलं. माझी झोप गेली, घरी जेवण करायचं सुचेना. एका रविवारी त्याने सांगून टाकलं, आता कुठेही येणार नाही. पलंगाशेजारी स्टुलावर डाव अर्धा मांडलेला होता, माझी चार बटणं एका कोपऱ्यात कोंडलेली, खेळी माझी होती.

"तिथून हात काढ, सुमे," तो म्हणाला. बोर्डाकडे बघत नव्हता.

"तू बटण आहेस का?" मी ओरडले.

"नाही. पण तुला अजून जगायचंय. तिकडे बघ की जरा."

मी फाईल उचलली आणि त्या नव्या डॉक्टरांकडे निघाले. पुढचं सांगितलंच आहे. त्याचं मला अजूनही पटलेलं नाही. भाऊ असा सोडून देतात का?

महिना होऊन गेला. खोली अजून तशीच आहे, डावही. रविवारी मी कुलूप उघडते, चहा करते आणि स्टुलासमोर बसते. मधे केवढी तरी जागा मोकळी आहे, ती मलाही दिसते. हातात काळं बटण घेते... आणि हात त्या कोंडलेल्या कोपऱ्याकडेच जातो. मागे घे म्हणणारं कोणी नाही.