डेस्मंडच्या नावाने येणारी पत्रं

दिवस मावळला की इनिड ट्रँटर जिन्याखालचं कपाट उघडायची. इस्त्रीची फळी बाजूला सारायची, टॉर्च लावून मागच्या भिंतीवरच्या मीटरचा आकडा मोठ्याने वाचायची, आणि तो पुटपुटत स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडरच्या चौकटीत लिहायची. डिसेंबरात हे चारला व्हायचं, जूनमध्ये साडेनऊला. वाटेत आकडा विसरला तर परत फिरायचं, परत वाकायचं. डेस्मंड होता तेव्हा असं होत नसे. तो कपाटात डोकं घालून आकडा ओरडायचा आणि ती टेबलाशी बसून लिहून घ्यायची.

"ऐकू आलं का गं?"

"अख्ख्या गल्लीला आलं."

छपरावरच्या सोलर पॅनेलांनी किती वीज केली हे वीज कंपनीला तीन महिन्यांतून एकदा कळवलं तरी त्या विजेचे पैसे मिळायला पुरे होतं. रोज वाचायचा नाद डेस्मंडचा. तो गेल्यावर इनिडने तो चालू ठेवला, एवढंच.

ही पॅनेलं बसली दोन हजार अकराच्या शेवटी. अशा विजेला मिळणारा दर सरकार नव्या पॅनेलांसाठी निम्म्यावर आणणार अशी बातमी आली, आणि बिशप्स कासल गावातल्या त्या गल्लीतले सगळे निवृत्त पुरुष एका आठवड्यात विजेचे जाणकार झाले. एकाच ठेकेदाराची लोखंडी परांची या घरावरून त्या घरावर फिरत राहिली. ट्रँटरांचा नंबर शेवटून दुसरा. माणसं पावसात छपरावर चढली होती आणि डेस्मंड खाली छत्री धरून उभा होता, जणू त्या छत्रीने वरचे कोरडे राहणार होते. करार पंचवीस वर्षांचा होता. डेस्मंड तेव्हा सत्तरचा. सही करताना तो म्हणाला होता, "शेवटचा हप्ता आला की मला उठवा." पाच वर्षांनी, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, तो गेला.

इनिडने शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली होती. तीनशे मुलांचं जेवण वेळेवर लावणाऱ्या बाईला कागदपत्रांची भीती नव्हती. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती घ्या म्हणून नोंदणी कचेरीतल्या बाईंनी सांगितलं, तिने दहा घेतल्या. बँक, पेन्शन, पाणीपट्टी, टेलिफोन, वाचनालय, अशा नऊ ठिकाणी एकेक पाठवली. सगळीकडून हळहळ व्यक्त करणारी छापील पत्रं आली आणि त्यामागोमाग डेस्मंडचं नाव निघून गेलं. ते इतक्या झटपट निघेल असं तिला वाटलं नव्हतं. वसंत ऋतू येईतो दाराच्या फटीतून पडणाऱ्या टपालात फक्त तीच उरली.

मग एप्रिलमध्ये एक लिफाफा पडला. मिस्टर डी. ए. ट्रँटर. सोलरवाल्यांचा. दहावी प्रत खणात होती. इनिडने लिफाफा हातात धरला, खणाकडे पाहिलं, आणि खण लावून टाकला.

पैसे दोघांच्या सामाईक खात्यात यायचे, ते आता तिचंच झालं होतं, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. आकडा भरून चिठ्ठी परत पाठवायची, सहीसुद्धा लागत नसे. वर्षातून चार पत्रं. ती आली की इनिड लगेच उघडत नसे. दाराजवळच्या फळीवर, त्याची टोपी असायची तिथे, एक दिवस राहू द्यायची. माणूस बाहेर गेलाय, आल्यावर बघेल, अशा बेताने.

सात वर्षं असं चाललं. मग मार्चमध्ये ती जिन्यावरून घसरली आणि गुडघा कायमचा बिघडला. मूलबाळ नव्हतं. लडलोमध्ये तळमजल्यावरचा एक लहानसा फ्लॅट मिळत होता, पण सप्टेंबरअखेरपर्यंतच राखून ठेवणार होते. घराला गिऱ्हाईकही चांगलं लागलं. टेलफर्डची टॅमसिन प्रोबर्ट, इस्पितळात परिचारिका, दोन वर्षांच्या मुलीला एकटीने वाढवणारी. तिला बाग आवडली, आणि विजेचं बिल कमी येईल हेही.

विकताना भरायच्या फॉर्मवर पॅनेलांचं एक पान होतं. पॅनेलं तुमची की छप्पर भाड्याने घेतलेल्या कंपनीची? पैसे कुणाच्या नावाने येतात? घर विकल्यावर कुणाला जातील? इनिडने दोन दिवस ते पान तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी लिहिलं: पॅनेलं घराबरोबर देत आहोत, पैसे पूर्वीप्रमाणेच आमच्याकडे येतील. पैसे राहिले तर कंपनीकडचं खातं राहील, खातं राहिलं तर डेस्मंडचं नाव राहील, लडलोचा पत्ता तेवढा कळवायचा, असा तिचा साधा हिशेब. पडदे, दिवे, गॅसची शेगडी, काय ठेवायचं नि काय न्यायचं हे तिथे विकणाराच फॉर्मवर लिहितो. हेही त्यातलंच, असं तिने धरलं.

टॅमसिनच्या बँकेने तसं धरलं नाही. छप्पर एकीचं आणि छपरावरची कमाई दोन हजार छत्तीसपर्यंत दुसरीची, अशा घरावर कर्ज देणार नाही, असं त्यांनी कळवलं. त्या शनिवारी टॅमसिन खिडक्यांची मापं घ्यायला आली होती. बागेत उभी राहून ती आईशी फोनवर बोलत होती आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती.

"नाही गं, बाई गोड आहेत. चहा दिला, केक दिला. फक्त जाताना सूर्य तेवढा बरोबर घेऊन जाणार म्हणतात."

इनिड भांडी पुसत होती. ती पुसतच राहिली. आपण हावरट दिसतोय हे तिला त्यापूर्वी सुचलंच नव्हतं.

सोमवारी तिचा वकील गॅविन प्यू याने तिला बोलावून घेतलं. गॅविन पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पण इनिडसमोर खुर्चीत अजून ताठ बसायचा.

"मिसेस ट्रँटर, सहा वर्षं तुमच्या हातचं कस्टर्ड खाल्लंय, म्हणून स्पष्ट बोलतो."

"गुठळ्या असतात म्हणून तक्रार करायचास."

"असायच्याच." तो हसला, मग कागदाकडे वळला. पैसे हवेच असतील तर उरलेल्या वर्षांचा अंदाज करून घराच्या किमतीत थोडी भर घालू, टॅमसिन बहुतेक कबूल होईल, नाहीतर सौदा शुक्रवारपर्यंत मोडेल आणि लडलोचा फ्लॅटही जाईल, असं त्याने समजावून सांगितलं.

"मला पैसे नकोत, गॅविन. तिलाच जाऊ देत."

"मग अडलंय कुठे?"

इनिडने पर्समधून लिफाफा काढून टेबलावर ठेवला. तो जुलैचा होता, अजून न फोडलेला. गॅविनने नाव वाचलं. डेस्मंडच्या दफनाला तो आला होता, मागच्या बाकावर बसला होता.

"तुम्ही यांना कळवलंच नाही?"

"त्यांनी विचारलंच नाही."

त्याने लिफाफा तिच्याकडे परत सरकवला. मग हलक्या आवाजात त्याने सांगितलं की त्यात काही वाईट झालेलं नाही. डेस्मंडच्या मृत्युपत्राने सगळं तिचंच होतं, पैसेही तिचेच. पण विकायचं तर मालकाची सही लागते, आणि कंपनीच्या लेखी मालक डेस्मंड. खातं आधी त्याच्याकडून तिच्याकडे, मग तिच्याकडून टॅमसिनकडे. दुसरी वाट नाही.

"पुढचं पत्र ऑक्टोबरात यायचं होतं," इनिड म्हणाली.

"हो."

तिने सही करायला पेन मागितलं. घरी जाऊन दहावी प्रत काढली आणि पाकिटात घातली. पाकीट चिकटवताना ओलं करायला लागत नाही, नुसतं दाबलं की चिकटतं, हे तिला त्या दिवशी फार घाईचं वाटलं.

पंधरा दिवसांनी कंपनीचं उत्तर आलं. प्रिय मिसेस ट्रँटर, नुकत्याच कोसळलेल्या आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. छापीलच होतं, खाली कुणाची सही नव्हती. इनिड उभ्या उभ्या वाचत होती, ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. सात वर्षांत गल्लीतल्या लोकांनी तिला गुडघ्याचं विचारलं होतं, हवेचं विचारलं होतं. नुकतंच कोसळलेलं, असं कुणी म्हटलं नव्हतं. तिने पत्र पुन्हा वाचलं. त्या दिवशी तिने जेवण केलं नाही, टोस्ट भाजला आणि तोही तसाच राहिला.

घराचे कागद सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी पुरे झाले. त्याआधी टॅमसिन मुलीला कडेवर घेऊन आली, कपाटात वाकली आणि मोबाइलवर मीटरचा फोटो काढला. तो तिथूनच वकिलाला गेला. दोन सेकंदांचं काम. कुणाला काही मोठ्याने बोलावं लागलं नाही. मग ती जरा घुटमळली. गॅविनने बहुधा तिला काही सांगितलं असावं.

"त्या दिवशी मी बागेत काहीतरी बोलले, मिसेस ट्रँटर. तुम्ही ऐकलं असेल."

"मला कमी ऐकू येतं," इनिड म्हणाली. खरं तर तिला नीट ऐकू येत होतं. तिने मुलीच्या हातात बिस्किट दिलं आणि बॉयलर सकाळी दोनदा चालू करावा लागतो, ते दाखवलं.

सामान गाडीत चढलं, किल्ल्या एजंटाकडे गेल्या. लडलोच्या बसला अजून पाऊण तास होता. गावातलं पोस्ट किराणा दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात आहे. तिथे ग्लेनिस बसते. तिने टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा फॉर्म पुढे केला आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, किती नावांची पत्रं वळवायची? दर नावामागे पैसे पडतात, म्हणून हे विचारावंच लागतं. मागे दूध आणि पाव घेतलेले दोघं उभे होते. फॉर्मवर नावांसाठी चार रकाने होते. इनिडने पहिल्यात स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या रकान्यावर पेन टेकलं, तिथे शाईचा एक ठिपका उमटला, आणि तिने पेन उचललं.

"एकच," ती म्हणाली. "आणि पत्रांवर लावायला सेकंड क्लासची चार तिकिटं दे गं, ग्लेनिस. लडलोलाच टाकायचीत, वर्षाला चार."