भिंतीपुढून उठवलेला माणूस

त्यांना गल्लीत सगळे भिंतवाले काका म्हणत. चौतीस वर्षे मोजणीखात्यात नकाशे काढून ते निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात कॅमेरा घेऊन घरी आले. निवृत्त माणसे नातवंडांचे नाहीतर फुलांचे फोटो काढतात. काकांनी भिंतींचे काढायला सुरुवात केली. शहरात तेव्हा भिंती रंगवायचे खूळ आले होते. आज एका भिंतीवर निळा हत्ती, वर्षभराने त्याच्यावर चष्मेवाली म्हातारी, मग तिच्यावर कुठल्याशा क्लासची जाहिरात. चित्र चांगले की वाईट, याच्याशी काकांना देणेघेणे नव्हते. काय होते, कधीपर्यंत होते आणि त्यावर काय आले, एवढीच नोंद त्यांना हवी असे.

"घरातल्या भिंतीला पोपडे आलेत, तिचाही काढा एखादा," काकू म्हणायच्या.

"ती कुठे पळून जातेय?"

जुन्या टपाल कचेरीमागची लांब भिंत ही त्यांची खास. तिच्यासमोर, फुटपाथवरच्या दोन फरश्यांच्या फटीत त्यांनी एक पितळी खिळा ठोकला होता. कॅमेऱ्याच्या स्टँडखाली सोडलेला ओळंबा बरोबर खिळ्यावर आला की जागा पक्की. महिन्याचा पहिला सोमवार, सकाळी साडेनऊ. आणि एक नियम, फोटोत माणूस नको. माणूस दिसला की बघणारा भिंत सोडून त्याच्याकडेच बघतो, असे काकांचे म्हणणे होते.

आता त्या भिंतीच्या अगदी मधोमध, पाठ टेकून, एक चावीवाला बसत असे. बुटके स्टूल, लोखंडी पेटी आणि चाव्या टांगलेला एक फळा, एवढे त्याचे दुकान.

"जरा उठता का? दोन मिनिटांचं काम आहे," काका पहिल्या दिवशी म्हणाले.

"भिंतीचा फोटो काढताय? मग मी काय वाईट दिसतो?"

"तसं नाही हो. भिंत मोकळी हवी."

चावीवाल्याने स्टूल, पेटी, फळा सगळे उचलले आणि काकांच्या मागे जाऊन उभा राहिला. "घ्या. केली मोकळी तुमची भिंत."

पुढच्या महिन्यापासून सांगावेही लागले नाही. काका कोपऱ्यावर दिसले की त्याची आवराआवर सुरू. मागे उभा राहून तो चित्रावर शेरे मारी. "या हत्तीला गुडघे द्यायचे विसरले बघा." मग काका वहीत लिहीत: तारीख, वेळ, प्रकाश, चित्र, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ठरलेले वाक्य असे, 'चावीवाल्यांना उठवले. ४ मि.' अशी अकरा वर्षे गेली. मध्ये एक महिना काका कंबर धरून अंथरुणात होते, तेवढाच खाडा. फोटो झाले एकशे एकतीस.

मग रस्ता रुंद करायचे ठरले. भिंत पाडणार होते. दहा वर्षे किंवा त्याहून जास्त तिथे बसणाऱ्यांना नव्या मंडईत गाळा मिळणार होता, पण पुरावा हवा. चावीवाल्याकडे कसलाही कागद नव्हता. इतकी वर्षे कुणी मागितला नव्हता, त्यानेही केला नव्हता. तो धुतलेला शर्ट घालून काकांच्या घरी आला. घरी यायची ही पहिलीच वेळ. काकूंनी चहा ठेवला.

"तुमच्याकडे अकरा वर्षांचे फोटो आहेत ना? त्यातला एक द्या. मी बसलेला. एक पुरे."

काकांना उत्तर माहीत होते. तरी त्यांनी अल्बम काढले आणि एकेक पान उलटत गेले. चावीवाला शेजारी वाकून बघत होता.

"कोपऱ्यात कुठेतरी असेन."

"नाही."

"पेटी तरी?"

"पेटीसुद्धा तुम्ही उचलायचात."

चावीवाला हसला. "म्हणजे मीच मला पुसून टाकलं. तेही दर महिन्याला, न चुकता."

"तुम्ही कसलं? यांनी," दारातून काकू म्हणाल्या. "भल्या माणसाला अकरा वर्षं उठवलं आणि आता वर अल्बम दाखवतायत."

काका दुसऱ्या दिवशी वही घेऊन पालिकेच्या कचेरीत गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी ती पानन् पान चाळली.

"काका, अक्षर सुरेख आहे. पण वही काय, घरी बसूनही लिहिता येते. तुम्ही लिहिलीत असं मी म्हणत नाही, पण वरचे म्हणतील."

"वरचे मला ठाऊक आहेत. चौतीस वर्षं त्यांच्या खालीच काढलीत."

"मग फोटोत माणूस दाखवा. पुढच्या सोमवारी यादी बंद होतेय."

घरी येऊन काकांनी एकशे एकतीस फोटो अल्बममधून काढले आणि बाहेरच्या खोलीत तारखेप्रमाणे ओळीने मांडले. त्यांतून काय निघेल हे त्यांनाही माहीत नव्हते. काकू केरसुणी घेऊन आल्या आणि अडकल्या.

"पाय कुठे ठेवू? आणि हे काय, प्रत्येकात रंग इथेच कसा उडालाय?"

"ती ओल आहे. वहीत लिहिलंय मी, 'ओल?' म्हणून."

"ओल खालून चढते. ही अधांतरी आहे."

काका गुडघ्यांवर बसले. हत्तीचे पोट, म्हातारीची हनुवटी, क्लासच्या फोन नंबरचे शेवटचे दोन आकडे. नवे चित्र आले की पहिले दोन-तीन महिने स्वच्छ, चौथ्याला पुसट, आठव्याला रंग जाऊन नुसता तुकतुकीत गिलावा. दर वेळी तीच जागा, तीच उंची. जन्म मोजण्यात घालवलेल्या माणसाला अकरा वर्षे तिची उंची मोजावीशी वाटली नव्हती.

सोमवारी साडेनऊला अधिकारी बाई भिंतीपाशी आल्या. काकांनी टेप लावून दाखवले, मग चावीवाल्याला बसायला सांगितले. त्याची पाठ त्या डागावर झाकणासारखी बसली.

"उठा," बाई म्हणाल्या. डाग दिसला. "बसा." डाग गेला. "परत उठा बरं."

"बाई, आता तुम्हीही सुरू केलंत?" चावीवाला म्हणाला.

बाईंनी आपल्या मोबाइलवर दोन्ही फोटो घेतले, काकांचे एकशे एकतीस फोटो आणि वही फायलीला जोडायला मागून घेतली. वही परत मिळेल ना, हे काकांनी दोनदा विचारले.

भिंत पडली. फरश्याही उखडल्या, त्यांच्याबरोबर खिळा गेला. वही मात्र शिक्का बसून परत आली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका नव्या मंडईत तेवीस नंबरच्या गाळ्यासमोर उभे राहिले. मागे पत्रा, पुढे गिऱ्हाइकाची लोखंडी फळी. कॅमेरा दिसताच चावीवाल्याने सवयीने पेटीला हात घातला.

"अहो बसा. इथे भिंत कुठाय?"

"मग फोटो कशाचा काढताय?"

काका ओळंब्याकडे बघत होते. चावीवाला हातातली किल्ली कानशीने घासत राहिला.

वहीत नोंद झाली. सकाळी ९.३५. प्रकाश कमी. चित्र नाही. शेरा: उठवले नाही.